जनावर गाडीत चढवायचं कसं, हे बाजार समितीला कोण सांगणार?

संपादक साहेब, स. न. वि. वि.

आपल्या पेपरात दर आठवड्याला जनावरांच्या बाजाराची बातमी येते आणि मी ती न चुकता वाचतो. खिलार खोंड कितीला गेला, मुऱ्हा म्हशीला काय भाव मिळाला, आवक किती झाली, पाऊस लांबल्यानं बाजार कसा पडला, सगळं असतं. फक्त विकलेलं जनावर पुढं गाडीत चढलं कसं ते कधी नसतं. ते बघायचं तर बाजार सुटायच्या वेळी गेटबाहेर उभं राहावं. पिकअपचा फाळका पाडलेला, खाली ना उतरण ना साधी फळी, दोघंजण पुढून कासरा ओढतायत, एकजण मागून शेपूट पिरगाळतोय, चौथा पराणी टोचतोय आणि ज्यांचा काही संबंध नाही असे दहाजण हाट हाट करून बोंबलतायत. जनावर पुढचे पाय फाळक्यावर आपटतं, गुडघे सोलतात, कधी घसरून पोटावर पडतं. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, अरे गाडी बांधाला लावा. बांध असला तर ठीक, नाहीतर परत पहिल्यापासून. हे सगळ्यांनी लहानपणापासून बघितलेलं आहे त्यामुळं त्यात काही बातमी आहे असं कुणालाच वाटत नाही.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. सगळी नोकरी दवाखान्याच्या खोड्यापाशी गेली, रेतन, लसीकरण, टॅग मारणे, लाथा खाणे. त्यामुळं ह्या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं मानतो. पण आज जे सांगायचंय ते मी इथं नाही, अमेरिकेत बघितलं, म्हणून जरा लांबून यावं लागेल, जागा जास्त लागली तर कात्री तुमच्याच हातात आहे.

मुलगी-जावई कॅन्सस राज्यात विचिटा म्हणून शहर आहे तिथं असतात. विमानाच्या कारखान्यांचं गाव, आपली बरीच मराठी पोरं तिथं इंजिनिअर आहेत. जावयाच्या ऑफिसातल्या एकाचे सासरे शंभरेक किलोमीटरवर गुरं सांभाळतात. जुलैच्या मध्याला कुरणातली सगळी गुरं हाकून गोळा करायची आणि ट्रकात भरून पाठवायची असतात, ह्याला ते राउंडअप म्हणतात, तर बघायला येता का असं त्यांनी विचारलं. मंडळी म्हणाल्या आयुष्यभर गुरंच बघितली, इथं येऊनही तेच? पण मी गेलो.

त्या भागाला फ्लिंट हिल्स म्हणतात. कॅन्ससच्या पूर्वेकडचा टेकड्यांचा पट्टा, खाली ओक्लाहोमापर्यंत जातो. जमिनीत चुनखडी आणि चकमकीचा दगड इतका की नांगर चालला नाही, आणि नांगर चालला नाही म्हणूनच गवत वाचलं. उत्तर अमेरिकेत एकेकाळी माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या उंच गवताची जी प्रचंड कुरणं होती त्यातली आता चार टक्केसुद्धा राहिलेली नाहीत, जी आहेत त्यातली बहुतेक ह्या पट्ट्यात. १९९६ साली स्ट्राँग सिटी गावाजवळ जवळपास अकरा हजार एकर कुरण सरकारनं राखीव केलं, तिथं १८८०च्या दशकातला चुनखडीच्या दगडात बांधलेला तीन मजली गोठा अजून उभा आहे, तो आम्ही जाताना बघितला, आपल्या जुन्या वाड्यांचं दगडकाम बघितलेल्या माणसालाही थांबून बघावं असं काम आहे. बाकी नजर जाईल तिथपर्यंत गवत, झाडं फक्त ओढ्याकाठी. मार्च-एप्रिलमध्ये जुनं वाळलेलं गवत पेटवतात, मग नवीन कोवळा फुटवा येतो आणि त्यावर गुरं सोडतात.

धंद्याची रीत ऐकून मला गंमत वाटली. जमीन एकाची, गुरं दुसऱ्याची, आणि बघणारा तिसराच. जमीनमालक कुठंतरी शहरात असतो, गुरांचा मालक टेक्सासातसुद्धा असेल, आणि आमचे हे सासरेबुवा मधले, डोई एवढे पैसे घेऊन हंगामभर गुरं सांभाळायची, कुंपण बघायचं, मीठ ठेवायचं, आजारी पडलं तर औषध द्यायचं. गुरं म्हणजे सगळे खच्ची केलेले गोऱ्हे, वर्षाच्या आसपासचे. येतात तेव्हा सव्वादोनशे किलोचे, अडीच-तीन महिन्यांत रोज किलोभर वाढतात आणि जाताना सव्वातीनशेच्या घरात गेलेले असतात. पेंड नाही, मका नाही, नुसत्या गवतावर. पूर्वी गुरं ऑक्टोबरपर्यंत ठेवायचे, पण जुलैनंतर गवतातला कस उतरतो, म्हणून कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी प्रयोग करून सांगितलं की सुरुवातीलाच दुप्पट गुरं सोडा आणि जुलैच्या मध्यात काढून घ्या, म्हणजे उरलेल्या हंगामात गवताला परत उभं राहायला वेळ मिळतो. आम्ही बघितलेलं कुरण हजारेक एकराचं होतं, गोऱ्हे पाचेकशे.

पहाटे अंधारातच निघायचं होतं कारण जुलैचं ऊन, आणि ऊन तापल्यावर गुरं हाकली की धापा टाकतात, वजन उतरतं, एखादं मरतंसुद्धा. आम्ही पोचलो तेव्हा आठ-नऊ घोडी खोगीर घालून तयार होती. माणसं बघतो तर त्यात दोन बाया, एक तेरा-चौदा वर्षांची पोरगी आणि सत्तरी ओलांडलेले सासरेबुवा स्वतः. माझी समजूत होती की हेलिकॉप्टर नसलं तरी निदान मोटरसायकली असतील. एक चारचाकी भटभटी होती, ती गेट उघडायला. बाकी सगळं घोड्यावर.

फास फिरवत, आरोळ्या ठोकत, धुरळा उडवत गुरं पळवणं ह्यातलं काही झालं नाही. घोडी कुरणाच्या पार टोकाला गेली आणि एकमेकांपासून दोन-तीनशे मीटर अंतर ठेवून चालतच परत यायला लागली. चालतच. गवतात बसलेले गोऱ्हे एकेक करून उठले, आळस दिला, आणि घोडं ज्या बाजूला दिसतंय त्याच्या उलट दिशेनं चालायला लागले. चार-चारचे घोळके, मग वीस, मग पन्नास, आणि उजाडेपर्यंत टेकडीच्या कडेनं एक काळी ओळ खाली उतरत होती. मी टेम्पोवजा गाडीच्या हौद्यात उभा राहून बघत होतो, मला ऐकू येत होतं ते फक्त गुरांचं हंबरणं आणि खोगिराच्या चामड्याचा कुरकुर आवाज. एखादा गोऱ्हा बाजूला फुटला की सगळ्यात जवळचा स्वार फक्त घोडं त्या अंगाला वळवायचा आणि दोन पावलं पुढं यायचा, की गोऱ्हा परत ओळीत. मागं धावणं नाही.

ह्यात जादू काही नाही. गुराला दोन्ही बाजूंनी जवळजवळ मागपर्यंत दिसतं, दिसत नाही ते फक्त शेपटीमागं. त्याच्याभोवती एक अंतर असतं, त्याच्या आत माणूस शिरला की ते हलतं आणि बाहेर गेला की थांबतं. आणि खांद्यापाशी तराजूच्या काट्यासारखी एक जागा असते, खांद्याच्या मागं उभं राहिलात तर पुढं जाईल, खांद्याच्या पुढं आलात तर मागं सरेल. आपण काय करतो, कासरा धरून तोंडासमोर उभं राहतो आणि ये ये म्हणून ओढतो, म्हणजे अंगानं त्याला मागं जा सांगतो आणि तोंडानं पुढं ये. बैल गोंधळतो, मग आपण त्याला हट्टी म्हणतो.

आता एक गोष्ट जी मला तिथं अपेक्षित नव्हती. बहुतेक गोऱ्हे काळे, अँगस जातीचे, पण मधेमधे पाच-पंचवीस असे की मी जावयाला म्हणलं जरा गाडी जवळ घे. लोंबणारे कान, गळ्याखाली पोळी, आणि पाठीवर छोटं का असेना पण वशिंड! सासरेबुवांना विचारलं, म्हणाले हे टेक्सासकडून आलेत, ब्राह्मन जातीचं रक्त आहे, उष्णता सोसतात, गोचीड कमी लागते. ही ब्राह्मन जात अमेरिकेत तयार झाली ती आपल्या भारतातून नेलेल्या गुरांपासून, १८५४ ते १९२६ ह्या काळात तीनशेपेक्षाही कमी जनावरं गेली तेवढ्यावर. गीर, कांक्रेज, ओंगोल, आणि चौथी आपली कृष्णा खोरे, म्हणजे सांगली-बेळगावकडची, आमच्या नदीकाठची. आज आपल्याकडं चांगली कृष्णा खोरे गाय बघायची तर फिरावं लागतं. मी सासरेबुवांना सांगितलं की ह्याचं आजोळ आमच्या गावाजवळ आहे, जावयानं भाषांतर केलं, ते खूप हसले आणि सगळ्यांना हाका मारून सांगत सुटले.

असो. गुरं खाली आली तिथं लोखंडी पाइपांचे वाडे केलेले होते, एक मोठा, मग लहान, मग एका माणसाला हात पसरून चालता येईल एवढी अरुंद गल्ली आणि गल्लीच्या टोकाला ट्रकला लागणारी चढण. खरी मेख इथं आहे. एका वेळी पंधरा-वीस गोऱ्हे लांबट चौकोनी वाड्यात घ्यायचे, त्यांना पार टोकापर्यंत जाऊ द्यायचं आणि मागचं गेट लावायचं. टोकाला गेल्यावर रस्ता बंद दिसला की गुरं आपोआप आल्या वाटेनं परत फिरतात, ही त्यांची सवयच आहे. आणि परत फिरतात तेव्हा आलेल्या गेटाशेजारीच गल्लीचं तोंड उघडं असतं, तर ती बाहेर पडतोय अशा समजुतीनं गल्लीत शिरतात. माणूस आत एकच, तोही नुसता उभा. बड विल्यम्स म्हणून एक नावाजलेला जनावरवाला होता, त्याच्या नावानंच ह्या वाड्याला ओळखतात. मी दोन फेऱ्या बघितल्या आणि मला आमच्या दवाखान्यातला खोडा आठवला, ज्यात एक म्हैस घालायला अर्धं गाव लागायचं.

सुरुवात होण्याआधी ती तेरा-चौदा वर्षांची पोरगी घोड्यावरून उतरली आणि पूर्ण गल्लीतून एकदा स्वतः चालत गेली. मला वाटलं पोरखेळ. ती वाकून, म्हणजे गुराच्या डोळ्यांच्या उंचीनं बघत चालली होती. एका गेटाची साखळी लोंबत होती ती तिनं वर गुंडाळून ठेवली. कुणीतरी कुंपणावर जाकीट टाकलं होतं ते काढलं. एक पेप्सीचा डबा उन्हात चमकत होता तो उचलला. एवढंच. आजोबांनी नातीला लहानपणीच शिकवलंय की जनावर अडतं ते उगाच अडत नाही, त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

तरी एक अडलंच. चौथा का पाचवा ट्रक भरत होते, सूर्य वर आलेला, आणि एक काळा गोऱ्हा गल्लीच्या तोंडाशी येऊन पाय रोवून उभा राहिला. मागचे सगळे थांबले. ट्रक ड्रायव्हर विजेचा शॉक देणारी काठी घेऊन पुढं आला, सासरेबुवांनी त्याला नुसतं मान हलवून ती परत गाडीत ठेवायला सांगितली. आणि मग कुणीच काही केलं नाही! एका बाईनं घोड्याचा तंग आवळला, दुसऱ्यानं टोपी काढून घाम पुसला, मी मनात म्हणतोय अरे कुणीतरी हाणा त्याला एक. गोऱ्ह्यानं मान खाली घातली, जमीन हुंगली, फुस्स केलं. जमिनीवर गेटाच्या आडव्या पाइपांच्या सावलीचे काळे पट्टे पडले होते, तो त्याच्याकडं बघत होता, त्याला तो खड्डा वाटत असणार. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग त्यानं एक पाय त्या पट्ट्यावर ठेवला, काही झालं नाही, दुसरा ठेवला आणि चालायला लागला, मागचे सगळे निमूट त्याच्यामागं. तीन मिनिटं थांबले म्हणून पुढचे साठ-सत्तर गोऱ्हे विनातक्रार चढले. आपल्याकडं त्याला मारून पुढं घातला असता, मागच्यांनी ते बघितलं असतं, वास घेतला असता आणि अर्धा तास मोडला असता.

आता कुणी म्हणेल अमेरिकन लोक फार दयाळू. तसलं काही नाही, ही माणसं हिशेबी आहेत. ट्रकात घालायच्या आधी गुरं काट्यावर चढवतात, दहा-दहाच्या घोळक्यानं, आणि पैसे वजनावर. घाबरलेलं जनावर शेण-मूत करत राहतं, दोन टक्के वजन असंच जातं, म्हणजे एका गोऱ्ह्यामागं सहा-सात किलो, पाचशे गोऱ्ह्यांचं करा तुम्हीच. शिवाय काठी लागली की मांसात रक्त साकळतं तो भाग कापून टाकावा लागतो, आणि फार ताण घेतलेल्या जनावराचं मांस काळपट पडतं, त्याला दर मिळत नाही. ओरडणं महाग पडतं म्हणून ते ओरडत नाहीत. मोजणीसुद्धा बघण्यासारखी, गेटाच्या दोन बाजूला दोन माणसं, एक मालकाचा आणि एक सांभाळणाऱ्याचा, दोघं वेगवेगळं मोजतायत, शंभर झाले की एक खडा या खिशातून त्या खिशात, शेवटी दोघांचे आकडे ताडून बघायचे. कानात बिल्ले आहेत, काटा आहे, फोन आहेत, तरी खडे.

ट्रक मोठे, ॲल्युमिनियमचे, भोकाभोकांचे, आत खाली-वर असे मजले आणि कप्पे. एकात बावीस-तेवीस टन वजन बसतं, म्हणजे ह्या गोऱ्ह्यांचे सत्तरच्या आतबाहेर नग. एक ट्रक भरायला वीस मिनिटंसुद्धा लागत नव्हती. चढणीवर आडव्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना भरीव पत्रे म्हणजे बाहेरचं काही दिसून जनावर बुजत नाही. तिथल्या कायद्यानं २८ तासांच्या वर जनावर न उतरवता, चारा-पाणी-विश्रांती न देता नेता येत नाही, आणि हा कायदा आजकालचा नाही, पहिल्यांदा झाला १८७३ साली, रेल्वेनं गुरं नेत होते तेव्हा. त्याच्या पाच-सहा वर्षं आधी, १८६७ला, ह्याच कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावाला टेक्सासची गुरं चालवत आणून आगगाडीत भरायला सुरुवात झाली होती, सिनेमातले सगळे काऊबॉय त्या दहा-वीस वर्षांतले. पुढं काटेरी तार आली, रेल्वे टेक्सासपर्यंत गेली आणि तो प्रकार संपला.

नऊच्या सुमारास सगळं आटोपलं. मी विचारलं ह्या माणसांना मजुरी किती? दोघं रोजंदारीवर होते, स्वतःचं घोडं घेऊन येणारे, त्यांचा तो धंदाच आहे. बाकीचे शेजारी. एक तर पन्नास किलोमीटरवरून आलेला. त्यांच्या राउंडअपला हे जाणार, ह्यांच्याला ते आले, आपल्याकडं भांगलणीला, मळणीला पैरा करायचे तसंच अगदी. आमच्याकडं पैरा मोडला, आता रोजगारी मिळत नाही म्हणून रडतो. जेवण मात्र जोरात होतं, मी माळकरी म्हणून त्या घरच्या बाईंनी माझ्यासाठी मक्याची कणसं, राजमा आणि चेरी घातलेला ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ असं वेगळं काढून ठेवलं होतं, जावयानं आधी सांगितलं होतं म्हणे.

आणि हो, ती गुरं कुठं गेली हे झाकून पत्र लिहिण्यात अर्थ नाही. पश्चिम कॅन्ससमध्ये डॉज सिटी, गार्डन सिटीकडं मोठमोठी फीडलॉट आहेत, तिथं चार-सहा महिने मका खाऊन पुढं कत्तलखान्यात. येताना रस्त्यात एक छोटंसं फीडलॉट लागलं, वास आधी आला, मग दिसलं. गवताचा एक दाणा नाही, चिखल आणि गुरं. मला ते अजिबात आवडलं नाही आणि माळकरी माणसाला आवडायचं कारणही नाही.

पण म्हणूनच जास्त लागलं. ज्यांना त्या जनावराचं मांसच करायचंय ती माणसं त्याला गाडीत चढवताना काठी लावत नाहीत. आणि आपण? मी तिथं होतो त्याच दिवसांत इकडं बेंदूर होता. पोरानं व्हॉट्सअपवर फोटो पाठवले, शिंगांना हिंगूळ, बेगड, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास. त्याच बैलाला पुढच्या बाजाराला नेला तर शेपूट पिरगाळून पिकअपमध्ये कोंबणार, तेही आपणच. २०१५पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यावर भांडणं होतात, मोर्चे निघतात, गाड्या अडवतात. पण बाजारात सोलून निघालेल्या गुडघ्यांवर कुठल्याच बाजूचा माणूस बोलत नाही. मोर्चेवाल्यांना विचारा तुम्ही कधी चढणीसाठी निवेदन दिलं का.

कायदा नाही असंही नाही. जनावरांच्या वाहतुकीचे केंद्राचे नियम १९७८ सालापासून आहेत. मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नकोत, तळाला काथ्याची चटई नाहीतर फळ्या टाकून घसरण बंद करा, चढवायला योग्य फलाट वापरा, तोंड शक्यतो इंजिनाकडं, बरोबर एक माणूस, दुसरा माल भरू नका, डॉक्टरचा दाखला घ्या. दाखला तेवढा सगळ्यांना माहीत आहे कारण नाक्यावर तो विचारतात. कानातला बारा अंकी पिवळा बिल्लाही विचारतात, आम्हीच मारले ते. फलाट कुणी विचारत नाही.

आता मुद्दा. आमच्या तालुक्याच्या बाजारात (नाव घेत नाही, बहुतेक ठिकाणी हीच गत आहे) खरेदी-विक्रीवर फी घेतात, पावती फाडतात, चहाची टपरी आहे, कमान आहे, कमानीवर दोन्ही बाजूला बैलांची चित्रं आहेत. जनावर चढवायला ओटा नाही. मी तिकडून आल्यावर एक अर्ज लिहून दिला, सोबत हातानं काढलेला नकाशा. पोच मिळाली. मग विचारायला गेलो तर एक साहेब म्हणाले निधी नाही, दुसरे म्हणाले मागणी नाही, शेतकऱ्यांनी कधी मागितलंच नाही. बैलानं मागितलं असतं तर दिलं असतं बहुतेक!

निधीचं म्हणाल तर अमेरिकेसारखे लोखंडी वाडे मी मागत नाही. टेम्पल ग्रँडिन म्हणून कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापक बाई आहेत, स्वतः ऑटिस्टिक, जनावरांना काय दिसतं हे त्यांच्याएवढं क्वचितच कुणी समजून घेतलं असेल, तिकडचे कितीतरी कत्तलखाने आणि वाडे त्यांच्या नकाशावर बांधलेत. त्यांचं म्हणणं साधं आहे, कायम बांधलेली चढण वीस अंशांपेक्षा उभी नको, आणि सिमेंटची करायची तर पायऱ्या करा, दहा सेंटीमीटर उंच आणि तीस सेंटीमीटर रुंद, म्हणजे खूर टेकायला जागा मिळते, घसरत नाही. वरती गाडीला लागण्याआधी थोडी सपाट जागा ठेवा. दोन्ही बाजूंना छातीएवढी भिंत. दोन उंचीचे ओटे पुरतील, एक पिकअपच्या फाळक्याएवढा, एक ट्रकच्या. दगड, मुरूम, चार ट्रॉल्या वाळू, थोडं सिमेंट, आणि गवंड्याचं आठवड्याचं काम. कमानीच्या रंगकामाला ह्यापेक्षा जास्त गेले असतील. जागा मात्र गेटाच्या आतच हवी आणि उन्हाची दिशा बघून, नाहीतर सावलीचे पट्टे पडतात आणि मग ओट्यावरही तोच तमाशा.

व्यापारी लोक म्हणतात आमच्या गाड्यांना घाई असते. मी घड्याळ लावून बघितलंय, एक खोंड चढवायला बाजारात दहा-पंधरा मिनिटं जातात आणि पाच माणसं लागतात. ओट्यावरून तोच खोंड दावं धरून एक माणूस नेईल. खरसुंडीच्या, पुसेगावच्या यात्रेला लाखालाखाची खिलार जोडी येते, तिचा एक पाय फाळक्यात अडकून मोडला तर ती लाखाची जोडी तिथंच संपली, हा हिशेब तर व्यापाऱ्याला कळतो ना.

तुम्हाला विनंती एवढीच की तुमच्या बाजाराच्या बातमीत भाव आणि आवक देता तिथंच एक ओळ वाढवा, ह्या बाजारात जनावर चढवायला ओटा आहे किंवा नाही. दर आठवड्याला छापा. आणि आमच्या समितीच्या साहेबांच्या वाचनात हे पत्र आलं तर त्यांना सांगायचंय, निधीचं राहू द्या, दिवाळीनंतर आमच्या गावातली पंधरा-वीस माणसं पैऱ्यानं येऊन दगड-मुरूम टाकायला तयार आहेत, ट्रॅक्टरसुद्धा आमचाच, तुम्ही फक्त गेटाच्या आत कुठं बांधायचं ती जागा आखून द्या.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. कराड